पद्मावतीचं दुसरं कडवं

...नाही गं तेजश्री, बँडवाल्यांचा काही दोष नाही, तेच तर म्हनतेय मी. लिही. दोष त्या कुलदीपचा, अन् अर्धा माझा.

पद्मावती कोन ते आधी लिही, नाहीतर लोकांना कसं कळनार? मी अन् ती एका दवाखान्यात आया होतो, बाळंतिनींच्या वॉर्डात, सत्तावीस वर्षं. मी बुद्धाची, मराठी; ती येशूची, तेलुगू. बोलायचो हिंदीत, डबा मात्र एक. एखादी बाई कळांनी किंचाळायला लागली की डॉक्टरीन म्हनायची, पद्माला बोलवा. ही तिचं डोकं मांडीवर घ्यायची अन् हळूहळू गायची. आवाज खालचाच तिचा, रांजनात बोलल्यासारखा. नवरा लवकर गेला, दोन पोरी उजवल्या, पन कधी रडगानं नाही. चर्चात सुगीच्या सनाला शनिवार-रविवार मोठं गानं असतं. त्यातलं दुसरं कडवं ती एकटी गाते, बाकी सगळे गप. तीस वर्षं झाली. वर्षातून तेवढ्या दोन मिनिटांसाठी ती उरलेलं वर्ष घरात गुनगुनत असते.

यंदा कुलदीपनं, म्हंजे त्यांच्या गान्याच्या मास्टरनं, बँड आनला. काचीगुड्याच्या दिलीपचा, वरातीत वाजवतो तोच. लाल कोट, पितळी भोंगे असे घासलेले की तोंड बघून घ्यावं. मी अन् आपल्या विहारातली कुसुम दोन्ही दिवस गेलो.

शनिवारी चिक्कडपल्लीच्या चर्चात होतं. बँड सुरू झाला अन् बाक थरथरायला लागले. कुसुम कानात म्हनते, "पार्वते, नवरा कुठंय गं? घोडा तरी दिसू दे."

पहिलं कडवं सगळ्यांनी म्हनलं. मग पद्मावती उभी राहिली. बँडनं सूर दिला, तो उंच. तिच्या घरातल्या गुनगुनन्यापेक्षा कितीतरी वर. तिसऱ्या शब्दाला आवाज फाटला तिचा. तशीच शेवटपर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजारी मानसाला भेटायला आल्यासारख्या.

बाहेर विचारलं, तर म्हनते, "कुछ नै अक्का, गला बैठ गया."

गला कशाचा बसतोय! मी सरळ दिलीपकडे गेले. तो भोंग्यातलं पानी झटकत होता.

"बाबा, जरा खालून वाजव की."

"आजी, आमची बोटं याच सुरात बसलीत. खाली आलो तर आठ जनांना नव्यानं शिकवावं लागंल. पन त्या आजींच्या कडव्याला आम्ही गप राहतो ना. मास्टरनं नुसता हात करावा."

किती शहान्यासारखं बोलला! मग मी कुलदीपला गाठलं. म्हनलं, "पद्मावतीला सूर उंच जातोय, तिच्या कडव्याला बँड थांबव." तो फोनात बघत मान हलवतोय, "हौ अम्मा, हौ अम्मा, मैं देखता." मला वाटलं झालं काम. पद्मावतीला मी काहीच बोलले नाही. म्हनलं उद्या आपोआप कळंल, खूश होईल.

रविवारी विद्यानगरच्या चर्चात दुसरं कडवं आलं, अन् उभी कोन राहिली? स्वप्ना म्हनून एक पोरगी, विशीतली. पद्मावती खालीच बसलेली. पाठ असलेल्या गान्याचं पुस्तक उघडून, पान बोटानं दाबून. पोरगी चांगली गायली, खोटं कशाला बोलू. मी उठायला गेले तर कुसुमनं पदर ओढला, "बस खाली, आपलं विहार नाही हे."

संपल्यावर कुलदीपला धरलं. तर तो म्हनतो, "तुम्हीच तो बोले अम्मा, आंटी को नै होता करके."

"मैं बोली बाजा रोको! पद्मा को रोको बोली क्या?"

"एकीच बात है ना अम्मा."

एकच बात! अन् तिलाही त्यानं तेच सांगितलेलं, तुमच्या मैत्रिनीनंच सांगितलं म्हनून. ती बाहेर आली, माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "अक्का, तेरे कू गाना समझता क्या?" एवढं बोलून लेकीबरोबर ऑटोत बसली.

लेक मला बाजूला घेऊन सांगून गेली ते ऐक. पद्मावती पहाटेपासनं स्वैपाकघरात उभी राहून तो उंच सूर धरत होती. गरम पानी पीत, थांबत, परत धरत. सातच्या सुमाराला तिला तो लागला होता. लागला होता गं! अन् मी म्हातारी, न विचारता तिची काळजी करत फिरतेय.

आज पाच दिवस झाले. फोन लावते, वाजून वाजून बंद होतो. कुसुम म्हनते जाऊन ये. कसं जाऊ? दार लावून घेतलं तर?

तर वाचनारे हो, तिला मराठी वाचता येत नाही अन् मला तेलुगू धड बोलता येत नाही, हिंदीत सांगावं तर ती फोन उचलत नाही. तुमच्यापैकी कुनी विद्यानगरात, तिच्या घराजवळ राहत असंल तर पद्मावतीला तिच्या भाषेत एवढं सांगा: पार्वतीनं फक्त बँड थांबवायला सांगितलं होतं. अन् तुला आधी विचारलं नाही, ते चुकलं तिचं.