धोट्याला तोंड

आमचा कोंडीबामामा गिरणीत कामाला निघायचा तो नवरदेवासारखा. कडक इस्त्रीचा सदरा, केसांना खोबरेल, आणि हाताला उरलेलं मिशीला. गोजामामी म्हणायची, "तितं यंत्रं तुमच्या तोंडाकडं बघत बसल्यात व्हय?" मामा आरशातूनच उत्तर द्यायचा, "तू बघत न्हाईस, मग कुणीतरी बघाय पायजे की." संध्याकाळी हाच नवरदेव पिठाच्या पोत्यात पडून उठल्यासारखा पांढरा होऊन घरी यायचा.

राहायला होटगीच्या महारवाड्यात आणि कामाला सोलापूरच्या एका गिरणीत, सूतखात्यात. मी दुधनीहून मॅट्रिक होऊन नोकरी शोधायला त्याच्याकडे येऊन राहिलो होतो. "नोकरी सोडून ह्याला सगळं सापडतं, विशेषतः भाकरीची दुरडी," असं मामा आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायचा.

मामाला विणकर व्हायचं होतं. आयुष्यात त्यानं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. सूतखात्यातलं सूत गाड्यावर घालून विणखात्याच्या दारापर्यंत ढकलायचं आणि दारातनं माघारी फिरायचं, एवढीच त्याला परवानगी. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण कारण सगळ्यांना पाठ होतं. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. काढायचं कसं, तर भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा, की टोक जिभेवर येतं. पाळी बदलली की पुढचा माणूस त्याच धोट्याला तोंड लावतो. आता त्या रांगेत आमचं तोंड आलं की झालंच की कल्याण! मागांवर माणसं नेमणारा जॉबर स्वतः कधी हे बोलला नाही. तो म्हणायचा, "जागा न्हाय." आणि आठवड्याभरात कुणाचा तरी मेव्हणा मागावर उभा दिसायचा.

मामाचा एक दोस्त मात्र विणकर होता. सोमलिंग. होटगीचाच, पण गावातला, लिंगायत. दोघं रोज सायकलींवरून बरोबर जायचे, आणि रस्ताभर सोमलिंग त्याला विणकाम शिकवायचा. एकदा तुटलेल्या सुताची गाठ कशी मारायची ते दाखवायला त्यानं दोन्ही हात सोडले आणि सायकलसकट चरात गेला. मामानं वरून विचारलं, "ही गाठ झाली का सोमण्णा, का अजून हाय?"

"यप्पाऽ, हात दे आधी!" सोमलिंग खालून ओरडला.

मामानं हात दिला. त्या हाताचा सोमलिंगनं कधी विटाळ मानला नाही, हे सांगायला हवं. तंबाखूही दोघांची एकाच चंचीतली.

आणीबाणी उठली त्या साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा नुकताच कडक झाला होता आणि सोलापुरात नागरी हक्कांची एक समिती बसायला लागली होती. मी मामाच्या मागे लागलो. अर्ज मीच लिहिला. मानवता, कलंक, युगानुयुगे असे सगळे शब्द वापरले. समितीच्या सचिव प्रेमलाबाई देवळे यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "हा कुणी लिहिला?"

"भाच्यानं," मामा म्हणाला. "रिकामा हाय."

"बरं. आता तुम्ही सांगा. घाई नाही."

मामानं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "वकील लावायचा नाही, काही खर्च नाही. तक्रार केली म्हणून तुम्हाला कामावरून काढलं, तर तेही मला येऊन सांगायचं." मामा खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता, तो जरा मागे सरकला.

त्यांनी गिरणीच्या मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडे असा नियमच नाही." बाई म्हणाल्या, "मग विणखात्यातला त्यांच्या जातीचा एक माणूस दाखवा." मॅनेजरनं रुमाल काढला. पण आतली गोष्ट आतल्या कुणीतरी सांगायला हवी होती. विणखात्यातून कुणी पुढे येईना. आला तो सोमलिंग. समितीसमोर उभा राहून म्हणाला, "जागा असतीया. ह्यास्नी देत न्हाईत. धोट्यापायी." बाहेर आल्यावर मामानं त्याला मिठी मारली. दोघांच्या मिशा एकमेकांत अडकल्या असतील.

मामाला माग मिळाला. मामीनं शेंगापोळ्या केल्या. पहिल्या पाळीहून मामा आला तो ओठ दाखवतच. "बघ, सुतानं कापल्यात." मामी म्हणाली, "लई पराक्रम केलासा." आणि पदर डोळ्यांना लावून चुलीपुढे जाऊन बसली.

मग पाळ्या बदलल्या आणि मामाच्या मागावर त्याच्यानंतर सोमलिंग आला. मामाला कोण आनंद! भोंगा झाला तसा त्यानं धोट्यात नवी कांडी घालून तयार ठेवली आणि धोटा सोमलिंगच्या हातात दिला. सोमलिंगनं खिशातून सायकलच्या तारेचा वाकवलेला आकडा काढला, भोकात घातला आणि सुताचं टोक ओढून घेतलं.

"ह्ये काय आनि?" मामानं विचारलं.

"दात दुखत्यात."

दात दुसऱ्या दिवशी दुखले. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मामानं धोटा हातात धरूनच ठेवला. माग थांबला. पलीकडून जॉबर ओरडायला लागला.

"दे की, कोंड्या."

"तोंड लावनार असलास तर देतो."

"आरं, तुज्यासाटी साक्ष दिली मी. समद्या खात्यानं शिव्या घातल्या मला. आजून काय पायजे?"

मामानं धोटा सोडला नाही. बायकोचं नाव काढताना सोमलिंगचा आवाज खाली आला. "बसव्वा घरात घेईना झालीया. गळ्यातल्या लिंगाची शपथ घातली तिनं. तुजा हात धरतो, तुज्यासंगं तंबाखू खातो. ह्ये तेवढं सोड."

"बसव्वा बघाय येती का हितं?"

"न्हाय."

"मग?"

सोमलिंगनं हातातला आकडा मुठीत धरला. मामानं धोटा मागावर ठेवला आणि निघाला. त्या दिवशी तो सायकल हातात धरून होटगीपर्यंत चालत आला. का, ते सांगितलं नाही. चाकं तर ठीक होती.

महिन्याभरानं प्रेमलाबाई न कळवता गिरणीत आल्या. माग दिला म्हणजे प्रकरण संपलं असं त्या मानत नसत. ऐन पाळी बदलताना विणखात्यात उभ्या राहिल्या आणि त्यांना आकडा दिसला. त्यांनी मामाला समितीच्या ऑफिसात बोलावलं. मीही बरोबर गेलो.

"हा सोमलिंग सगळ्यांच्या धोट्याला आकडा लावतो का तुमच्याच?"

मामा सदऱ्याला चिकटलेला कापूस वेचायला लागला.

"कोंडीबा, तुमच्या एका सहीनं त्याला जाब विचारता येतो. खटलाही होईल. नको असेल तर तेही सांगा. पण खरं बोला."

"बाई, त्यानं एकदाच तोंड लावावं, असा हुकूम तुमाला काडता येतो का?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही. तो मला काढता येत नाही."

"मग माजी जोडी बदला. मला अनोळखी मानूस द्या. त्यानं आकडा काडला तर त्याच्या नावानं सही करतो, हितंच येऊन. ह्येच्या नावानं हात चालत न्हाय माजा."

बाईंनी तेवढं करून दिलं. मामाला दुसऱ्या ओळीतला माग मिळाला. पुढच्या पाळीचा माणूस तेलुगू, नरसय्या नावाचा, भवानी पेठेत राहणारा. कुणाशी बोलायचा नाही, मामाशी तर नाहीच. मीच मनातल्या मनात अर्जाचा मजकूर जुळवून ठेवला होता. या वेळी युगानुयुगे घालायचं नाही, हेही ठरवलं होतं.

नव्या मागावरच्या पहिल्या संध्याकाळी मामा आला आणि सदरा न काढताच उंबऱ्यावर बसला. मामीनं तांब्यात पाणी आणलं, ते त्याच्या हातातच राहिलं.

"काय केलं त्या मानसानं?" मामीनं विचारलं.

"धोटा घेतला. तोंड लावलं. वडलं सूत. माज्याकडं बघितलंबी न्हाय. उशीर झालता त्येला."

"लावलं न्हवं? आवो, मग चांगलं झालं की!"

मामानं तांब्या खाली ठेवला आणि तो रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्यालाही ते नीटसं येत नव्हतं, मधेच ठसका लागत होता.

"मग रडतासा का?" मामी घाबरून त्याच्याजवळ बसली. "लावलं की त्येनं."

"व्हय," मामा म्हणाला. "कोन कुटला नरसय्या. त्येनं लावलं की गं."