हाताची घडी, तोंडावर बोट

नात अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये मिसळू द्या आणि वाट बघा. आता वाट बघणं हा काही माझा प्रांत नव्हे. छत्तीस वर्षं कचेरीत काढली, पण 'उद्या या' असं कुणाला सांगितलं नाही.

मुलगा आणि सून सकाळीच पवईला ऑफिसला जातात, त्यामुळे मुलुंडच्या घरात दिवसभर नात माझ्याच ताब्यात. सून वरवर हसून वेळ निभावून न्यायची. पण एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "बाबा, ती मला आई म्हणेल ना हो?" मी नुसताच चिमटे पुढे करत राहिलो.

आमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक छोटी बालवाडी आहे. तिथे नातीचं नाव घातलं. पहिले काही दिवस घरचं कुणीतरी सोबत बसायचं, असा तिथला नियम. फळा नाही, पाठांतर नाही. सगळं मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर: खेळण्यांची फळी, हात धुवायचं भांडं, खिळ्याला अडकवलेली फडकी. मला वाटलं, फी घेतात कशाची?

दुसऱ्या दिवशी नात पाण्याच्या छोट्या तांब्याकडे गेली. मी ताडकन उठलो, फुलपात्र भरलं आणि तिच्या हातात दिलं. बालवाडीच्या ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, हाताची घडी, तोंडावर बोट."

साठी उलटल्यावर हे ऐकायची वेळ आली! समोरची चिल्लीपिल्ली मोकाट आणि मी घडी घालून बसलेला. रागच आला. पण ताई शेजारी बसून हळूच म्हणाल्या, "तिला काय हवंय हे तुम्हाला तिच्या आधी कळतं. मग ती बोलेल कशाला?"

हे मात्र वर्मी लागलं. खरंच होतं. तिने बोट दाखवलं की वस्तू हजर, पुढे पुढे तर बोट उचलायच्या आतच. नात म्हणजे दुधावरची साय, तिला कशाला तोशीस, असं मी म्हणायचो. अति तिथे माती, हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं.

त्यानंतर मी बसून राहिलो. नात रोज पाणी ओतायची, रोज सांडायची. ताई ओरडायच्या नाहीत आणि मदतही करायच्या नाहीत, फक्त शेजारी बसायच्या. नात फडकं आणायची, पुसायची, पुन्हा ओतायची. माझे हात नुसते शिवशिवायचे. दहाव्या की अकराव्या दिवशी ओल्या फरशीकडे बघत ती म्हणाली, "सांडलं."

ताईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाल्या, "हो, सांडलं." बस्, एवढंच. मला मात्र उठून त्यांचे पाय धरावेसे वाटले. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या, पण मला धीर शिकवणाऱ्या गुरू त्या एकट्याच. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

घरी जाताना बाजारातून छोटा तांब्या घेतला आणि स्वयंपाकघरात पाटावर ठेवला. सुनेला फोन करावा म्हणून तीनदा मोबाइल उचलला, तीनदा खाली ठेवला. तिचं तिलाच ऐकू दे.

संध्याकाळी बेल वाजली. सून आत येऊन खुर्चीत बसली. एरवी मी तिला पाणी आणून देतो. त्या दिवशी जागचा हललो नाही. नातीने आईकडे पाहिलं आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी सांडल्याचाही. सून उठायला लागली, तशी मी तिला हाताने थांबवलं.

दोन्ही हातांत फुलपात्र धरून नात बाहेर आली. फ्रॉक पुढून भिजलेला.

"आई, पाणी."

फुलपात्रात जेमतेम दोन घोट उरले होते. सून ते पिता पिता रडत होती आणि मी घडी घातलेले हात आणखी घट्ट आवळून बसलो होतो.