गाठ वर आली तेव्हा

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. बाबांच्या खोकल्यातून रक्त पडलं आणि आमच्या कळंब गावभर त्यांना क्षय झाल्याचं ठरलं. आमच्याकडे असल्या गोष्टी डॉक्टरला न विचारताच ठरतात. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र छातीचा फोटो काढला, नळी घालून आत पाहिलं आणि फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला. "एकाच जागी दिसतोय. तोवर कापून काढता येईल. लवकर या."

आम्ही निघणार, तोच बाबांच्या गळ्याच्या खळगीत सुपारीएवढी गाठ आली. आईला केवढा आनंद! गोवर अंगावर फुलला की पोर वाचतं, गळू फुटलं की ठणका जातो, एवढंच तिचं वैद्यक.

"आतलं वर येतंय गं," ती मला म्हणाली. "आता कापायचं काय काम हाय? पिकू दे."

मुंबई लांबली. ती रोज अळशीचं गरम पोटीस बांधायची. गाठ पिकेना, नुसती कडक होत गेली. मला ती बघवत नसे. शेवटी बाबांचा आवाज बसला, तेव्हा गेलो.

आई बाहेर बाकावर बसली. डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलंही नाही. गाठीवर बोटं ठेवली आणि हात धुवायला वळले. बाबांनी खोदून विचारल्यावर म्हणाले, "आधी हा आजार फुप्फुसात असतो. मग छातीतल्या गाठींत जातो. तिथवर कधीकधी इलाज चालतो. मानेत गाठ आली म्हणजे तो छातीबाहेर पसरला. ती दिसली त्या दिवशीच उशीर झाला होता."

"राब भाजताना आग बांधापल्याड जाते, तसं म्हना," बाबा म्हणाले.

भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळतात, तो राब डॉक्टरांना कळला नाही. पोटिसाने काही बिघडलं नव्हतं, तरी आईचा मला भयंकर संताप आला होता.

बाहेर येताच तिने विचारलं, "काय म्हनाला?"

मी बोलणार, तोच बाबांनी मला डोळ्यांनी दटावलं.

"कापायचं नाय म्हनाला," तेच म्हणाले.

"मी सांगत नव्हते!" आई कितीतरी दिवसांनी हसली. "भात लावायला उभे ऱ्हाल बगा तुमी."

"ऱ्हाईन की गं," बाबा म्हणाले.

त्या वर्षी भात आम्ही दोघींनीच लावला.