बाईसाहेबांची झोप

होमिओपॅथीच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत गोळ्यावाल्या काकू सव्वीस वर्षं बसत होत्या. डॉक्टर सांगतील त्या औषधाचे थेंब पांढऱ्या गोळ्यांवर टाकायचे, बूच लावायचं आणि इवलीशी बाटली तळहातांत घोळवायची. स्पिरिटच्या गोडसर वासात दिवस असा अलगद निघून जाई, की घरी परतताना पाय जमिनीला लागताहेत की नाही, तेच कळत नसे.

घरी नवरा आणि बाईसाहेब. नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला. यंत्रांच्या धडधडीपुढे बोलून उपयोग नसे, ती न बोलायची सवय घरीही टिकलेली. बाईसाहेब म्हणजे त्यांची बारा वर्षांची तपकिरी कुत्री. स्वभावाने मानी. एके दिवशी तिची गादी ओली निघाली. मग रोजच निघू लागली.

"वय झालं तिचं," नवरा म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

काकूंनी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "माणसांना विचारतो ते सगळं तिलाही विचारायला हवं. कधी होतं, किती पाणी पिते, कशाला घाबरते? ती काही सांगायची नाही. तुम्ही बघा आणि वहीत लिहा."

दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा काकू वही घेऊन गादीशेजारी बसू लागल्या. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकायचं. बाईसाहेबांचे पंजे थरथरायचे, पडल्या पडल्या धावू लागायचे. पाण्याखालून यावं तसं बारीकसं भुंकणं यायचं. मग शेपटीखाली ओला डाग पसरायचा, आणि तिला पत्ताच नसायचा. जागेपणी मात्र एक थेंबही नाही.

तिसऱ्या दुपारी नवऱ्याने खुर्ची ओढली.

"कुठे पळत असेल गं ही?"

"मांजरामागे असेल."

"छे! मांजरामागे असती तर गुरगुरली असती. वाळूवर पळतेय बघ. पाय कसे जड पडताहेत."

काकूंनी तेही लिहून घेतलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तीन आठवडे काकूंनी त्या नेमाने दिल्या, गाद्या वाळत घातल्या, पुन्हा दिल्या. फरक शून्य. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "काकू, माझ्या गोळ्यांनी काही होत नाहीये. प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

त्या दिवशी बाटली घोळवता घोळवता काकूंचे हात पहिल्यांदाच थबकले.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती. तिने बाईसाहेबांना तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि वही पानन् पान वाचली. "जागेपणी एकदाही नाही? नक्की?"

"नक्की. आम्ही दोघं डोळ्यांत तेल घालून बसतो."

"मग झोपेत स्नायू सैल पडतात, असं दिसतंय. नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये पुढे असं होतं. औषध देते. आणि ही वही फार कामाची आहे हं, काकू."

पंधरा दिवसांनी गादी कोरडी राहू लागली. अधूनमधून ओली व्हायची, पण काकूंना त्याचं काही वाटेनासं झालं. दवाखान्यात कुणी आजारी जनावराची गोष्ट काढली, की मागच्या खोलीतून त्यांचाच आवाज येई, "आधी प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या हो!"

वही भरली, लिहिण्यासारखं उरलं नाही, तरी दुपारी दोघं गादीशेजारी बसतच राहिली. बाईसाहेब घोरत असत. एकदा नवऱ्याचाही खुर्चीत डोळा लागला. जागा झाला तो हसतच.

"काय झालं हो?"

"आपण दोघं एका छपरावर बसून चहा पीत होतो. खालून ढग चालले होते, अगदी मेंढरांसारखे. आणि साखर कमी पडली म्हणून तू कुरकुरत होतीस."

"मी कधी कुरकुरते?"

"तिथे कुरकुरत होतीस," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं सांगू लागला.