हिरव्या अक्षरांचा पडदा

पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, हा आमच्याकडचा नेम. मी आणायला निघालो होतो ती वस्तू माझ्या लग्नाहूनही जुनी होती, त्यामुळे बायकोला अडवायला तोंड उरलं नाही. स्वारगेटला भोरची एसटी धरली. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली होती, आणि बाहेर पाऊस धड पडतही नव्हता, धड उघडतही नव्हता. अशा हवेत शहाण्या माणसाने घरी पांघरूण घेऊन पडावं. पण दादाने मागितलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्याच घरी राहणारा. शाळेत गणित शिकवायचा. शाळांना पहिल्यांदा संगणक मिळाले, तेव्हा 'गणितवाला आहे, त्याला जमेल' म्हणून ते त्याच्या गळ्यात मारले गेले, आणि तो त्यांच्या प्रेमातच पडला. कळफलकाच्या खोक्यातच सगळं यंत्र, आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर. निवृत्त झाला तेव्हा शाळेने अडगळीतला एक त्यालाच भेट दिला. पुढे टेपरेकॉर्डर मिळाला, वायरी मिळाल्या. नव्हता तो फक्त जोडीचा मॉनिटर. नव्या टीव्हीला जोडून पाहिला, चाललाही. दादा म्हणाला, हे ते नव्हे. त्याला काळ्या काचेवरची हिरवी अक्षरं हवी होती.

एरवी मी ही म्हाताऱ्याची हौस म्हणून हसण्यावारी नेलं असतं. पण काचबिंदूने दादाची नजर कडेकडून आत खात आणली होती, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं होतं. जन्मभर त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दिसतंय तोवर ती अक्षरं एकदा बघायची आहेत, एवढंच मागितलं.

भोरच्या एका भंगारवाल्याने मोबाईलवर फोटो पाठवला होता, त्यावर विसंबून मी आलो होतो. स्टँडवर चहा घेतला, सोबत सकाळची भजी खाल्ली आणि पस्तावलो. दुकानात गेलो तर फोटोतला मॉनिटर कुठल्याशा गोदामाच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्याचा निघाला. लावला, तर पांढरा उजेड. भंगारवाल्याचं म्हणणं, पडदा तो पडदा, त्यात हिरवं-पांढरं काय करायचंय. मी चिडून काहीतरी बोललो. मग त्याने आपणहून सांगितलं, की वेल्ह्यात विलास नावाचा एक टीव्ही दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे असं एक शाळेचं हिरवं खोकं होतं. विलास आता नाही, पण घर बाजारामागेच आहे.

कापूरहोळला उतरलो, नसरापूरला पुन्हा गाडी बदलली. पुढचा रस्ता खरं तर देखणा. भात निसवायला लागलं होतं, बांधांवर तेरडा फुललेला. माझं लक्ष लागलं नाही. मी सारखा एक डोळा मिटून, दुसऱ्याच्या कडा हाताने झाकून, दादाला हे सगळं किती दिसलं असतं ते बघत होतो. शेजारच्या आजीबाईंना वाटलं डोळ्यात काही गेलं, त्यांनी पदराचं टोक फुंकून पुढे केलं.

वेल्ह्यात उतरलो तेव्हा तोरण्याचा पायथाच काय तो दिसत होता, बाकी सगळा ढगात. चहाच्या टपरीवर विलासचं घर विचारलं, तर मालकाने हात दाखवला आणि वर सांगितलं की आज त्यांच्याकडे पितर आहेत, जेवूनच यायला लागेल.

विलासचे वडील कोंडिबा अंगणात उभे राहून छपरावर ठेवलेल्या घासाकडे (पितरांच्या नावाने कावळ्यासाठी वाढलेल्या पानाकडे) बघत होते. मी ज्यासाठी आलो ते काम सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांची अडचण वेगळीच होती. या भागात, ज्याचं पितर असेल त्याच्या जागी कोणालातरी 'पितर' म्हणून जेवायला बसवतात. विलासच्या जागी दरवर्षी त्याचा मित्र बसायचा. तो टेम्पो घेऊन गेला होता आणि चाक पंक्चर होऊन वरवे गावाजवळ अडकला होता. गावातली बाकीची माणसं या दिवसांत दोन-दोन घरची आमंत्रणं घेऊन बसलेली. पान वाढून निवत चाललेलं.

"तुमी बसता का?" कोंडिबांनी विचारलं. "आमच्या इलासच्या जागी."

नाही कसं म्हणणार? पाटावर बसलो. विलासच्या आई, हौसाबाई, तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या पायावर पाणी घालू लागल्या. माझ्याहून कितीतरी मोठी बाई. मी पाय ओढून घेतले.

"ऱ्हाऊ द्या पाय," कोंडिबा म्हणाले. "आज तुमी तुमी न्हाई."

कपाळाला गंध लावलं. पानात खीर, वडे, अळूवडी, गवारीची भाजी, कढी, भात. दोघांनीही मला वाकून नमस्कार केला आणि समोर बसून राहिले. मी मान वर केली आणि समोरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, तो दिसला. तेच साय रंगाचं खोकं, तोच गोल कोपऱ्यांचा काळा पडदा. दादाच्या शाळेत मी असाच पाहिला होता.

हौसाबाई वाढायला वाकल्या. "आजून काय पायजे?"

त्यांनी जेवणाचं विचारलं होतं. पण त्या पाटावर बसून मी काहीही मागितलं असतं, तरी त्या घराने नाही म्हटलं नसतं, हे मला कळत होतं. दादाचा चेहरा डोळ्यासमोर आला. तोंड उघडलं आणि मी खीर मागितली.

हात धुवायला बाहेर आलो तर कोंडिबा मागोमाग आले. "जेवताना तुमची नदर फळीवरच व्हती," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. ते खोकं एका शाळेने दुरुस्तीला टाकलं होतं. विलासने ते चालू केलं, आणि न्यायला कोणी यायच्या आत कावीळ होऊन तो गेला. पुढे शाळेचं कोणी फिरकलंच नाही. बाकीच्या वस्तू ज्याच्या त्याला पोचवल्या. ही एकच राहिली. आलेली वस्तू ज्याची त्याच्याच हातात द्यायची, हा विलासचा दुकानातला रिवाज. कोंडिबांना तो मोडायचा नव्हता.

मग मीही दादाच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. मघाशी नुसतं 'भावाला हवाय' म्हणालो होतो. मागणं असं केलं नाही.

दारातून हौसाबाईच म्हणाल्या, "न्हेऊ द्या त्यास्नी. पाटावर बसून मागता आलं असतं, तरी मागितलं न्हाई."

कोंडिबा आत गेले, कागद काढला, वायर लावली. पडदा हळूहळू हिरवा उजळला. अक्षर एकही नाही, नुसता हिरवा उजेड. वर्षातून एकदा, याच दिवशी, ते दोघं तो लावून बघत असत. हौसाबाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनीच बटण बंद केलं आणि गोधडी आणली.

गाठ मारताना कोंडिबा म्हणाले, "भावाला दिसतंय तवर ठिवा. दिसायचं थांबलं की आनून द्या. गिऱ्हाईक आलं तर म्या काय दावू?"

परतीच्या एसटीत मॉनिटर मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी टीव्ही म्हणालो. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी एका घरातून त्यांचा मुलगाच उचलून नेतोय असं वाटत होतं, आणि नसरापूर मागे पडलं तरी ते जाईना.

दादाने मॉनिटर हातांनी चाचपला, जोडला, आणि हिरवी अक्षरं उमटली. तो काचेला नाक लावून बसला. मुलांसाठी लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवला, मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं आणि यंत्राने 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटल्यावर हसला. दिवाळी उलटली तरी रोज संध्याकाळी तो तिथेच असायचा. अटीचं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोंडिबा अधूनमधून फोन करून विचारायचे, दिसतंय का. दादाच उत्तर द्यायचा.

पौषात त्यांचा फोन आला तेव्हा दादा मॉनिटरसमोर बसला होता. आमच्याकडची वीज गेलेली होती. पडदा ठार काळा होता. दादाची बोटं कळफलकावर चालली होती आणि मान न उमटणाऱ्या ओळीमागे सरकत होती. मी काही बोलायच्या आत त्याने हात पुढे करून फोन मागितला.

"दिसतंय की, काका," तो म्हणाला. "अक्षर न् अक्षर."

फोन परत माझ्या हातात आला. पलीकडून कोंडिबा हौसाबाईंना सांगत होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा लागला. मग मला म्हणाले, "इलासच्या हातचं काम हाय. टिकलंय बगा आजून."

वेल्ह्याला जाऊन यायला एक दिवस पुरतो. मी अजून गेलेलो नाही.