कंट्रोलरांचा रविवारचा वर्ग

पोलादपूरच्या स्टँडवरचा माईक बंद पडला की लोक खूश व्हायचे. मग कंट्रोलर खोलीबाहेर येऊन स्वतःच्या तोंडाने गाड्या पुकारायचे आणि फलाटाच्या टोकाला पेंगणारी म्हातारीसुद्धा पिशवी उचलायची. ते ओरडत नसत. शब्द सुटे सुटे ठेवत, एवढंच. नव्वदच्या दशकात घाटावरून बदलून आलेला हा एस.टी.चा माणूस. आडनाव होतं त्यांना, पण ते कुणाला कधी लागलं नाही.

रविवारी त्यांची सुट्टी. त्या दिवशी शाळेच्या एका खोलीत ते आम्हा पोरांना नाटक शिकवायचे. वर्ग घड्याळावर चालत नसे. वरच्या वाड्यांची गाडी आली की सुरू आणि परतीची लागली की बंद. वर्गासाठी गाडी थांबवणं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. एकदा आमचा राजा रणांगणावर पडून शेवटचं बोलत होता, भाषण चांगलं रंगात आलं होतं, तेवढ्यात ते म्हणाले, "बाळ, ऊठ. मरण पुढच्या रविवारी. गाडी लागली." राजा तलवार टाकून पळाला, नाहीतर त्याला डोंगर चढत जावं लागलं असतं.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती दुधाच्या किटलीमुळे. आमची वाडी वर डोंगरात, घरी म्हशी. शाळेच्या आधी स्टँडवरच्या हॉटेलात दूध घालायचं काम माझं. त्यांनी एकदा नाव विचारलं, तर मी ते किटलीला सांगितलं. "नाव तुझं, गाव तुझं, मग चोरल्यासारखं का सांगतेस?" ते म्हणाले. आईला ही हकिकत कळली आणि पुढच्या रविवारी तिने मला वर्गात धाडलं.

तिथे पहिलं काम तेच. एकट्याने पुढे उभं राहून नाव-गाव सांगायचं. गावच्या जाखडी नाचात थयथयाट करणारे मुलगे याला सगळ्यात जास्त घाबरत. "घोळक्यात सगळेच शूर," कंट्रोलर म्हणत. ते स्वतः शेवटच्या बाकावर बसत आणि ऐकू आलं नाही तर नुसता हात वर करत. रागावत नसत, पण शाबासकीही देत नसत, आणि हे दुसरं मला फार लागायचं. माझ्या वेळी तो हात कितीतरी रविवार वरच होता. ज्या दिवशी तो खाली राहिला, त्या दिवशी परतीच्या गाडीत मी कंडक्टरलाही नाव सांगून आले.

दहावी झाली आणि मुंबईचे चुलते स्थळ घेऊन आले. मुलगा कंपनीत, खोली स्वतःची. मला महाडला कॉलेजात जायचं होतं. मी तडक कंट्रोलरांकडे गेले. म्हटलं, "सर, तुम्ही बाबांना सांगा ना."

"सांगतो की. माझं ऐकतीलही. पण माझी बदली झाल्यावर तुझ्या वतीनं कोण बोलणार?"

मला इतका राग आला की किटली तिथेच विसरून घरी आले.

तरी त्या रविवारी वर्ग आटोपून ते डोंगर चढून आलेच. अंगणात चुलत्यांशेजारी बसले, म्हशींची चौकशी केली. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. शेवटी चुलत्यांनीच विषय काढला. "काय गो, पसंत हाय ना? पार्टी एकदम सॉलिड हाय." माझी मान खाली. चुलते वडिलांना म्हणाले, "गप हाय म्हंजे व्हय हाय. कळवून टाकू."

कंट्रोलर बशीत चहा ओतत म्हणाले, "तिनं अजून काही सांगितलेलं नाही."

मग त्यांनी बशी तोंडाला लावली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले.

"मला म्हाडला कॉलेजात जायाचं हाय. लगीन आत्ता नाय करायचं."

गोठ्यातली आई शेणाच्या हातांनी बाहेर आली. चुलते म्हणाले, "घ्या, ही नाटकाची फळं." वडील कंट्रोलरांना म्हणाले, "सायेब, म्हाडची पयली गाडी किती वाजता सुटते?"

वर्षभराने कंट्रोलरांची खरंच बदली झाली आणि वर्ग बंद पडला. निरोप समारंभाला त्यांनी साफ नकार दिला आणि ट्रंक घेऊन घाटावरच्या गाडीत जाऊन बसले. वडील मला घेऊन स्टँडवर आले होते. वडील म्हणजे बाजारात भाव विचारायलाही आईला पुढे करणारा माणूस. गाडी हलली तसे ते खिडकीच्या बाजूने चालू लागले आणि भरल्या स्टँडात म्हणाले, "सायेब, पोरगी अकरावी पास झाली." गाडीतल्या लोकांनी माना वळवून पाहिलं. मला रडू आवरेना. वडील मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत माझे विषयवार मार्क सांगत रस्त्याने चालत होते.