दोन वचनांचं स्तोत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका सकाळी मी बाबांना खोटं वाचून दाखवलं. म्हणजे शास्त्र खरंच होतं, बायबलातलंच. त्या दिवसाचं नव्हतं.

काचबिंदूने बाबांची नजर गेली तेव्हापासून रोजचं वाचन माझ्याकडे आलं. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, पत्रक स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं असे. तारखेपुढे अध्याय आणि वचनं. मी वाचायचं, बाबांनी डोळे मिटून पाच मिनिटं मनन करायचं. आणि मग आमच्या घरचा नियम: वचनाने जे करायला सांगितलं, ते दुपारच्या जेवणाआधी करायचं. आजाऱ्याला भेटा असं आलं, की काढ स्कूटर. मी 'उद्या जाऊ' म्हटलं की ते म्हणत, "उद्या वचन दुसरं असतं."

काका नागरवाड्यात राहायचे. तीन वर्षं दोघा भावांचं बोलणं नव्हतं. कारण हसण्यासारखं. पोरं गुजराती शाळेत गेली, तशी काकांनी आमची मराठी मंडळी सोडली आणि गुजराती उपासनेला जाऊ लागले. बाबा भर अंगणात म्हणाले, "देवाला आता केम छो म्हणतोस काय रे?" काका म्हणाले, "निदान तिथे गायला माणसं आहेत. तुझ्याकडे सात म्हाताऱ्या आणि एक फुटकी पेटी." संपलं.

त्या गुरुवारी पत्रकात डोंगरावरच्या प्रवचनातला भाग होता. वेदीपाशी असताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी जाऊन समेट करायचा. तोंड उघडण्याआधीच मला पुढचं दिसलं. बाबा उठणार, टोपी मागणार. वाघोडियाच्या कारखान्यातून सहा दिवसांनी मिळालेली सुट्टी, घरात केबल नवी, दहाला मॅच. नागरवाडा स्कूटरवर पंधरा मिनिटं. मी पानं उलटली आणि सगळ्यांत लहान, दोनच वचनांचं स्तोत्र वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच दिलंय."

"बरं. आज स्तुतीच करू."

ते मनापासून स्तुती करत बसले. मी टीव्ही लावला.

रविवारी काका गेले. बसल्या जागी. कबरस्तानात बाबांनी माझा हात धरून मूठभर माती टाकली. परतताना स्कूटरवर मागून म्हणाले, "एकदा जरी वचन आलं असतं ना, तर गेलो असतो रे. देवाने मला सांगितलंच नाही." मी गिअर बदलला.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. तो भाग पत्रकात पुन्हा आला, तेव्हाही मी तेच लहान स्तोत्र वाचलं. "हे फार येतं रे," एवढंच ते म्हणाले. देव आपल्याशीच का गप्प राहिला, हे विचारत ते गेले.

पत्रक अजून येतं. आता तो भाग मी वाचतो, पाच मिनिटं डोळे मिटतो. काही होत नाही.

काकू आहे. 'तुझ्या बापाचे पाय एकदाही वळले नाहीत,' हे तिने मला प्रत्येक नाताळात सुनावलं. मी करंजी खात ऐकून घेतलं. आता तिला माणसं ओळखू येत नाहीत. गेल्या खेपेला मला दूधवाला समजून म्हणाली, "काले आवजो." उद्या या.

बाबा आले असते. मी येऊ दिलं नाही. एवढं सांगायचं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.